परदेशातून स्वतःविषयी लिहिताना न लिहिलेलं काय होतं? मराठवाडकरांनो, सांगा

नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं सांगितलं की शब्दाचा सरळ अर्थ वेगळा आणि त्यातून उमटणारा ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, वेगळा. परदेशी राहणाऱ्यांच्या आठवणी, डायऱ्या वाचताना मला हे सारखं जाणवतं. आपल्या गावचं माणूस तो ध्वनी बरोबर ओळखतं. तुमचा असा अनुभव असेल तर लिहा.

मूळ लातूर, सध्या शिकागो
एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी जात होतं. त्या आठवड्यात मी ब्लॉगवर लिहिलं, ‘आज भांडी घासायला तासभर लागला.’ दर भांड्याला नळ बंद करत होते. इथल्या मैत्रिणीनं भांडी धुण्याचं मशीन सुचवलं. आईनं वाचलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, “आज टँकर आला गं. तू नीट घास भांडी.”

मूळ नांदेड
मी लपवायलाच लिहायचो. ‘खोली छान, सोबती चांगले.’ बाबांनी उलट विचारलं, “सोबती किती?” सहा होते.

किल्लारीजवळचं एक गाव, नंतर जपान
३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलेलं. मी नऊ वर्षांचा. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवद. पहाटे चारच्या सुमारास सगळं खाली आलं. आजी त्यातच गेली.
पुढं जपानात नोकरी लागली. तिथल्या दिवसांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला, त्यात एक ओळ होती: ‘इथल्या घराच्या भिंती हलक्या आहेत. पहिल्याच रात्री गाढ झोप लागली.’ संपादकांनी विचारलं, भिंतींचा इथं काय संबंध? मला सांगता आलं नाही. सांगायचं तर आजीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं. ओळ मात्र काढू दिली नाही. अंक आल्यावर काकांचा फोन आला. बराच वेळ पीकपाण्याचं बोलले. ठेवताना म्हणाले, “मी बी अजून अंगणातच झोपतो रे.”

परभणी
वडील शारजात होते. त्यांच्या डायरीत रोज ओव्हरटाइमचे तास, आणि शुक्रवारी, म्हणजे सुट्टीला, दोनच शब्द: ‘भाकरी थापली.’ आम्हाला वाटायचं, हौस असेल. ते गेल्यावर आईनं तारखा लावून पाहिल्या. ज्या शुक्रवारी घरी फोन लागला होता, त्या दिवशी भाकरीची नोंद नाही.