जाळायच्या चिनी नोटांना मराठीत काय म्हणावं?

वळीव: चिंगमिंग या पितरांच्या चिनी सणावरचा लेख मराठीत आणतेय. ४-५ एप्रिलच्या सुमाराला चिनी कुटुंबं पूर्वजांच्या थडग्यांवरचं तण काढतात, उदबत्त्या लावतात, जेवण मांडतात आणि पितरांसाठी नोटा जाळतात. या नोटांपाशी गाडी अडलीय. 'कागदी पैसा' म्हणावं तर आपल्या खिशातलाही कागदीच. 'खोट्या नोटा' म्हटलं की पोलीस आठवतात. 'पितृधन' कसं वाटतं?

सोनचाफा: नको. पितृधन म्हणजे वाडवडिलांकडून आपल्याला मिळालेलं. इथं उलटं आहे. इंग्रजीत 'जॉस पेपर' म्हणतात, त्यातला जॉस पोर्तुगीज 'देउश'वरून आलाय. देउश आणि देव मुळात एकच. सरळ 'देवकागद' करा.

वळीव: पण तैवानात साधारणपणे सोनेरी कागद देवांना आणि चंदेरी पितरांना. मग पितरांचं काय?

उंबरठा: सिंगापुरात आमच्या शेजारच्या आजी 'किम झुआ' म्हणायच्या. होक्कियन या चिनी बोलीत सोन्याचा कागद. हाताला खरबरीत, मधोमध कथलाच्या वर्खाचा चौकोन, त्यावर पिवळ्या रंगाचा हात फिरवला की झालं सोनं. सातव्या चांद्रमहिन्यात इमारतीखाली पत्र्याच्या पिंपात जाळायचे. दोरीवरच्या कपड्यांवर काळे कपटे येऊन पडायचे. आजींच्या नातवाला दमा होता. त्याच्या खोलीच्या खिडक्या लावून मगच त्या खाली उतरायच्या. 'वर्खी कागद' म्हणा की!

सोनचाफा: वर्ख फारसी-अरबीतून आलेला. निदान पितरांच्या बाबतीत तरी आपला शब्द हवा.

चौकट: चहा चिनी आहे, तो रोज दोनदा चालतो. 'किम झुआ'च ठेवा. मला खरी अडचण 'जाळणे' या क्रियापदाची वाटते. तैपेईच्या शिंगत्येन मंदिरानं २०१४ साली उदबत्त्याच बंद केल्या, नुसते हात जोडायचे. तैवानात पालिका घरोघरचे कागद गोळा करून भट्टीत एकत्र जाळतात. धूर कमी होतो, हे चांगलंच. पण आपल्याकडे देवांना 'स्वाहा' आणि पितरांना 'स्वधा' म्हणून देतात. भट्टीत गेलेल्याला काय म्हणायचं, अर्पण की विल्हेवाट?

सोनचाफा: भाव असेल तर अर्पणच. आमच्याकडे म्हाळाला कावळा आला नाही तर गाईला पान देतात, त्याला कुणी विल्हेवाट म्हणत नाही.

वळीव: लेख चीनच्या मुख्य भूमीतला आहे, तिथं सगळीकडे न चालणारा होक्कियन शब्द कसा घालू?

उंबरठा: आजी काठीनं कागद उलथत राहायच्या. अर्धवट जळलेली नोट पोचत नाही म्हणायच्या. शेवटच्या वर्षी मात्र फक्त एक गठ्ठा नेला आणि तो राख होईस्तोवर उभ्या राहिल्या.