घरचा ग्रुप : पट, नाटक अन् मामा तलाव

ताई (पुणे): मोठे बाबा, नाटक किती वाजता सुटलं? माझा पोरगा जागा राहिला का?

मोठे बाबा: साडेचारले सुटलं. पोरगा टक्क जागा. तुझी मोठी आई शेवटच्या अंकाले घोरत होती.

मोठी आई: खोटं नोका बोलू. बहीण घर सोडून जाते तवा मी रडली.

दादा (नागपूर): अन् बैलांच्या शर्यतीचा पट?

मोठे बाबा: बैलाची जोडी एक नंबर पळाली. 2014 च्या बंदीनंतर पट नव्हता तवाही आपल्याकडं पाहुणे येत, नाटकासाठी. पट निमित्त आहे गा, माणूस येते रात्रीच्या पडद्यासाठी. पण पडदा उघडला साडेअकराले! उद्घाटक सात, हार सात, भाषणं नऊ. आपल्या तलावाचं खोलीकरण तिसऱ्यांदा मंजूर झालं.

दादा (नागपूर): 😂 गाळ तिथंच ना?

मोठे बाबा: तिथंच. मंग विनोदी नट आला अन् म्हणे, "माफ करा मंडळी, भाषणात अडकलो होतो." शामियाना हलला हसून. उद्घाटक साहेब तवा पुढच्या गावच्या उद्घाटनाले निघून गेले होते. सरपंच एकटे सापडले, त्यायले हसाच लागलं.

ताई (पुणे): मला मधले ते डान्स नाही आवडत. आधी दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं असायची.

काका: बाई, वडशाहून नाटक कंपनी बुक कराले पैसा लागते. डान्स नसला तर तिकीट कोन काढीन? नट परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री भेटली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामाची. डान्स आहे म्हणून नाटक हलकं नाही होत.

ताई (पुणे): तरी नाही आवडत.

मोठे बाबा: बरं, आवडू नोको. झोपलो नाही, पोराले घेऊन तसाच तलावाच्या पाळीवर गेलो. धुकं होतं. शिंगाड्याच्या वेलातून अडई बदकं शिटी मारत उडाली, वीसेक असतील. पोरगा विचारते, "हा कोणत्या मामाचा तलाव?" सांगतलं, माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, म्हणून मामा. मंग सांडव्याकडं बोट दाखवून म्हणे ही जांभळी फुलं कशाची? बेशरमची, म्हटलं. अर्धा तलाव तिनंच खाल्ला.

दादा (नागपूर): नाव कोणाला शोभतं ते नाही सांगितलं ना?

मोठे बाबा: त्यानं रातची भाषणं ऐकली होती.

मोठी आई: पुरे. ताई, शनिवारी बाजूच्या गावी नाटक आहे. पोराले दोन दिवस राहू दे.

ताई (पुणे): शाळा आहे त्याची.

मोठी आई: झोपला आहे. उठला का त्यालेच विचारतो.