चळवळीत सर्वधर्मीय संवाद हवा, पण व्यासपीठावरचा नको

खडूफळा (धागाकर्ता)
आमची संघटना कंत्राटी कामगारांची. सभासद चार-पाच धर्मांचे, शिवाय कुठलाच धर्म न मानणारेही बरेच. वार्षिक मेळाव्याआधी 'सर्वधर्मीय संवाद' घ्यायचं चाललंय. प्रस्ताव नेहमीचाच: प्रत्येक धर्माचा एक गुरू, शाल, दहा-दहा मिनिटांची भाषणं आणि शेवटी हातात हात घालून फोटो. मी याला विरोध केला, तर मलाच संवादाचा विरोधक ठरवलं गेलं. म्हणून हा धागा.

संवाद मला हवाच आहे, पण आपापसात. आमची साप्ताहिक बैठक दीड वर्ष शुक्रवारी दुपारी एक वाजता व्हायची. मुस्लीम सहकारी कमी यायचे. 'त्यांना रस नाही' असं ठरवून आम्ही मोकळे झालो होतो. जुम्म्याची नमाज त्याच वेळेला असते हे तीस लोकांच्या संघटनेत कुणाला सुचू नये? समान वेतनावर तासन्‌तास बोलणारे लोक आम्ही.

मला वाटतं ते असं. पाच-सहा जणांचे गट करावेत, प्रत्येकात वेगवेगळ्या धर्मांचे आणि निधर्मीही. पहिला प्रश्न देवाबद्दलचा नको, 'अन्याय सोसायचा नाही हे पहिल्यांदा कुणाकडून शिकलात?' हा असावा. बोलणाऱ्यानं स्वतःपुरतं बोलावं, 'आमचा धर्म सांगतो की' अशी सुरुवात चालणार नाही. फोटो नाही, पत्रकार नाही. आणि उठण्यापूर्वी एक काम ठरवायचं: कुणाच्या सणाला धरण्यावर कोण बसणार, एवढं जरी ठरलं तरी पुष्कळ.

निरीश्वर
साफ असहमत. शुक्रवारची बैठक हलवायला संवाद कशाला हवा? कॅलेंडर पुरतं.

मुळात चळवळीत माणूस कामगार म्हणून येतो. त्याला दारातच 'तू कोणत्या धर्माचा' विचारून गटात बसवलं की जे पुसायचं तेच तुम्ही गडद करता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषदेच्या मांडवासाठी जागा मिळेना, तेव्हा ती एका मुस्लीम गृहस्थानं दिली. त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. यांनी आधी गोल करून 'माझी श्रद्धा' यावर गप्पा मारल्या होत्या का? काम समोर होतं, माणसं जोडली गेली.

आणि धर्मगुरूंचं म्हणाल तर अमेरिकेतलं बर्मिंगहॅम आठवा. 12 एप्रिल 1963 ला तिथल्या आठ धर्मगुरूंनी निवेदन काढलं: वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं थांबवा, वाटाघाटी करा, न्यायालयात जा. सात ख्रिस्ती, वेगवेगळ्या पंथांचे, आणि एक ज्यू रब्बी. म्हणजे अगदी नमुनेदार सर्वधर्मीय मंडळ! मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली ती त्याच दिवशी. त्यांचं तुरुंगातलं प्रसिद्ध पत्र या आठांनाच उत्तर आहे.

खडूफळा
बर्मिंगहॅमचा दाखला माझ्याच बाजूनं आहे हो. मीही गुरूंना बोलवू नका असंच म्हणतोय. पण दुसरी बाजूही सांगा की. दोनच वर्षांनी, मार्च 1965 मध्ये, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी सेल्माहून निघालेल्या मोर्चात रब्बी हेशेल किंग यांच्याबरोबर पहिल्या रांगेत चालत होते. गुरू म्हणून मंचावर बसणं वेगळं आणि रस्त्यावर चालणं वेगळं.

आता कॅलेंडरचं. शुक्रवारची अडचण शेवटी ज्यानं सांगितली त्याला मी विचारलं, दीड वर्ष का बोलला नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही सगळे पुरोगामी. तुमच्यापुढे नमाजाचं काय काढायचं?" हे कुठल्या कॅलेंडरात सापडणार? दारात धर्म विचारू नये हे खरं, पण आम्ही तो दाराबाहेर काढून ठेवायला लावत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. (बहुसंख्यांचा मात्र आपोआप आत येतो. आमच्या सुट्ट्या बघा.)

वाटसरू
धागा आवडला. अवांतर: बैठक शनिवारी नेऊ नका, ज्यू आणि सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी रागावतील. रविवारी ख्रिस्ती. उरलेल्या दिवशी कामावर जायचं असतं. :)

निरीश्वर यांना: लायबेरिया बघा. 2003 मध्ये यादवी थांबवण्यासाठी ख्रिस्ती आणि मुस्लीम बायका एकत्र आल्या, पांढरे कपडे घालून राजधानी मनरोव्हियात रोज धरणं धरलं. ख्रिस्ती बायकांत आधी कुरबूर झालीच, मुस्लिमांबरोबर बसलो तर आपला धर्म पातळ होईल म्हणून. गोळीला धर्म कळतो का, हा प्रश्न पुढे ठेवून ती मिटवावी लागली. पुढे वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा याच चळवळीतल्या बायकांनी घानातल्या अक्रात वाटाघाटींच्या सभागृहाची दारं अडवली, आणि ऑगस्टमध्ये करार झाला. म्हणजे काम समोर असूनही बोलावं लागलंच.

चाफा
तीस वर्षं चळवळीत काढलेली बाई म्हणून लिहिते. तुम्ही दोघं भांडताय ते चांगलंय, पण दोघांच्याही मांडणीत एक माणूस गायब आहे.

18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लीम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. सात! त्या काळी 'मुस्लिमांशी संवाद' म्हणून कुणी सभा भरवली असती, तर खुर्ची या सातजणींना मिळाली असती की त्यांच्यावर चिडलेल्यांना? गुरूंना बोलावू नका हे ठीक, पण तुमच्या पाच-सहांच्या गटातही तेच होईल. प्रत्येक धर्माचा जो बोलका पुरुष असेल तोच बोलेल.

आणि खडूफळा, तुमचा 'स्वतःपुरतं बोला' हा नियम ऐकायला छान आहे, पण मला त्याचीच भीती वाटते. अशाच एका गटात एका बाईनं घरातलं, वस्तीतलं, तिच्या जमातीच्या पंचांनी तिला कसं छळलं ते सगळं सांगितलं. प्रामाणिकपणे, स्वतःपुरतं. पंधरा दिवसांत दुसऱ्या धर्माचा एक कार्यकर्ता चहाच्या टपरीवर तेच सांगत होता, 'त्यांच्यात' बायकांना कसं वागवतात म्हणून. ती पुन्हा कधी आली नाही. तिच्या लोकांनीही तिला फितूर ठरवलं. दोन्हीकडून गेली बिचारी.

म्हणून आधी आपापल्यात बोला. प्रत्येकानं मिश्र गटात दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या धर्मातल्या अन्यायाबद्दल बोलावं, आणि सुरुवात बहुसंख्यांनी करावी. ज्याचं वजन जास्त त्यानं आधी उघडं पडायचं. अल्पसंख्याक बाईनं पहिल्याच दिवशी मन मोकळं करावं ही अपेक्षा म्हणजे तिच्याकडून फुकटचं काम करून घेणं झालं.

निरीश्वर
चाफाताई, हा प्रसंग तर माझाच मुद्दा सिद्ध करतो. धर्माचं बोलणं काढलंत आणि एक कार्यकर्ती गमावलीत.

चाफा
नाही हो. तो टपरीवरचा कार्यकर्ता आमच्याकडे आठ वर्षं होता. त्याच्या मनात ते आधीपासून होतं. आम्ही धर्मावर कधी बोललोच नव्हतो, म्हणून आठ वर्षं कळलं नाही. किंमत तिनं मोजली, हे मात्र तुमचं खरं.

खडूफळा
चाफाताई, मान्य. बहुसंख्यांनी आधी बोलायचं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'गटातलं गटाबाहेर सांगायचं झालं तर ज्याचं आहे त्याला विचारून' हेही घालतो. नियम करून पाळला जाईलच असं नाही, पण मोडला तर जाब तरी विचारता येईल.

मेळाव्याच्या सुरुवातीला सर्वधर्म प्रार्थना ठेवावी का, हाही वाद आहे. मी अजून कुंपणावर.

वाटसरू
ठेवणार असाल तर 1947 चा दिल्लीतला प्रघात लक्षात असू द्या. गांधीजींच्या सभेत कुराणातल्या आयतींना कुणी हरकत घेतली, तर तेवढा भाग गाळून बाकीची प्रार्थना उरकत नसत. त्या दिवशी प्रार्थनाच होत नसे. तुमच्याकडे कुणी हरकत घेतली तर काय करणार, हे आधी ठरवा.

निरीश्वर
मी हरकत घेणार. आत्ताच नोंदवून ठेवा.

खडूफळा
नोंदवली. गटात मात्र या. पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार आहे.

निरीश्वर
येतो. वार कोणता ठरला?