मदत हवी आहे : माणसाचे वर्णन करताना 'हू' केव्हा आणि '-इंग' केव्हा?

वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात मी दहावीच्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवते. 'दारात उभा असलेला माणूस' यासाठी 'द मॅन हू इज स्टँडिंग अ‍ॅट द डोअर' आणि 'द मॅन स्टँडिंग अ‍ॅट द डोअर' ही दोन्ही रूपे चालतात, हे त्यांना लगेच पटते. परंतु त्याच न्यायाने ती 'काल फोन केलेला माणूस' याचे 'द मॅन फोनिंग यस्टर्डे' असे करतात, जिथे 'हू फोन्ड' हेच हवे. चालू क्रियेला '-इंग' आणि पूर्ण क्रियेला 'हू', असे सांगून पाहिले. मात्र 'एनीवन लिव्हिंग इन वडोदरा' यात कायमची स्थिती असूनही '-इंग' शुद्ध ठरते, आणि 'द बॉय इन्जर्ड यस्टर्डे' यात क्रिया संपलेली असूनही 'हू' लागत नाही. कर्तरी-कर्मणी भेद मुलांना ठाऊक आहे, त्याहून जड संज्ञा नकोत. अशा वेळी आधी कर्मणी रूपे वेगळी काढावीत की काळापासून सुरुवात करावी?