आयात-निर्यातीची नोंदणी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

बेदाणाशेड
नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. आजवर माल सौद्यालाच जायचा. आता मावसभावाच्या ओळखीतून दुबईतला एक किराणा व्यापारी बेदाणा आणि सांगलीची हळद पावडर मागतोय. पहिली ऑर्डर लहानच असेल. एका एजंटाने सगळ्या नोंदण्यांचे मिळून पंचवीस हजार सांगितले. वडील म्हणतात, कागद पक्के झाल्याशिवाय हो म्हणू नकोस. कंपनी काढावीच लागते का? यातलं घरी बसून किती होतं? आणि चांगला कस्टम ब्रोकर, म्हणजे बंदरावर कस्टम्सची कामं करून देणारा, कसा ओळखायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

हळदपेठ
एजंटाला आधी थांबव. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटी या केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःला काढता येतो आणि त्याचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. पॅन, आधार, जागेचा पुरावा आणि फर्मचं नाव छापलेला रद्द चेक किंवा बँकेचा दाखला, एवढं पुरतं. सही आधारच्या ओटीपीने होते. माहिती जुळली की कोड आपोआप तयार होतो, कुठल्या कार्यालयात जावं लागत नाही. फक्त संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते बघ. तिरंगा आणि अशोकस्तंभ लावून हजारो रुपये घेणारी खाजगी पानं शोधात वरच येतात.

कंपनी काढायची गरज नाही, मालकी फर्म चालते. पण अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून एक गोष्ट ठरवा: पॅन कुणाचा लावणार, वडिलांचा की तुझा? आयईसीचा दहा अंकी-अक्षरी क्रमांक म्हणजे तो पॅनच असतो. एका पॅनवर एकच कोड, आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आज वडिलांच्या नावाने फर्म काढली आणि दोन वर्षांनी भावंडांनी मिळून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली, तर एलएलपीचा पॅन वेगळा. मग कोड नवा, जीएसटी नवा, मालानुसार लागणारी बोर्डाची नोंदणीही पुन्हा. पुढे भागीदार येणार हे दिसत असेल तर भागीदारी किंवा एलएलपी आत्ताच करा. मला विचाराल तर धंदा जो रोज बघणार, त्याच्याच पॅनवर हे असावं.

नंतरचा क्रम असा. फर्मचं चालू खातं, जीएसटी, मग आयईसी. तिन्हीकडे नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर सारखा ठेव. एकीकडे 'ट्रेडर्स' आणि दुसरीकडे 'ट्रेडिंग' झालं की कस्टम्समध्ये कागद अडतो.

बेदाणा अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे येतो, हळद स्पाइसेस बोर्डाकडे, म्हणजे मसाल्यांच्या सरकारी मंडळाकडे. त्यामुळे तुला दोन्हीकडे नोंदणी लागेल, आणि एजंट हे सहसा सांगत नाहीत. हळद दळून पाकिटं भरणार असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवानाही हवा, निर्यातदाराला तो केंद्रीय प्रकारातला लागतो.

जमाखर्च
वरचं सगळं बरोबर आहे. जीएसटीबद्दल थोडं लिहिते. निर्यात शून्य दराची असते, पण म्हणून काहीच करायचं नाही असं नसतं. माल निघण्याआधी जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ फॉर्ममध्ये एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र भरा. त्याला शुल्क नाही. तो असला की आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि निर्यातीच्या विक्रीवरचा जीएसटी) न भरता माल जातो आणि खोकी, भाडं, दळणावळ यांवर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. एलयूटी त्या आर्थिक वर्षापुरताच असतो, दर एप्रिलला नवा.

आयईसीही दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान पोर्टलवर जाऊन अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसेल तरी 'बदल नाही' असं नोंदवायचं. या मुदतीत ते फुकट होतं. राहिलं तर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद, भरताना कळतं.

पैठणीवाली
मध्येच विचारते, क्षमस्व. मी हाताने भरलेल्या पर्स अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना पाठवते, महिन्याला दोन-चार पार्सलं. मलाही हे सगळं लागेल का?

जमाखर्च
ताई, विक्रीसाठी पाठवता म्हणजे आयईसी लागेल. पण कंटेनर, ब्रोकर यांत पडू नका. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरून पार्सल देता येतं.

शेवाबंदर
बरीच वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून ब्रोकरचं सांगतो.

त्याआधी बँक. तुमची शाखा परकीय चलनाचं काम करते का, हे खातं उघडण्याआधी विचारा. तालुक्याच्या शाखा बऱ्याचदा जिल्ह्याकडे बोट दाखवतात आणि त्यात वेळ जातो. बँकेकडून चौदा अंकी एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं पत्र घ्या आणि आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर न्हावा शेव्यासाठी नोंदवा. ते झाल्याशिवाय शिपिंग बिल पुढे सरकत नाही. आयईसी हातात आला की सगळं झालं असं समजून माल भरणारे दर हंगामात भेटतात, आणि त्यांची गाडी बंदराबाहेर थांबलेली असते.

ब्रोकरकडे कस्टम्सचा परवाना असतो, त्याचा क्रमांक मागा. देताना चाचपडला तर पुढे जाऊ नका. बेदाणा-हळद त्याने आधी पाठवली आहे का ते विचारा, कारण शेतमालाला फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो आणि यंत्रांची कामं करणाऱ्याला त्याची सवय नसते. दर लेखी घ्या: त्याची फी, सीएफएसचा (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचा) खर्च, टर्मिनलचं शुल्क, वाहतूक, सगळं सुटं सुटं. 'सगळं मिळून इतके' म्हणणाऱ्याचं बिल शेवटी वाढतं. लहान ऑर्डर असेल तर एलसीएल विचारा, दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जागा मिळते.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, तोही ब्रोकरवर सोडू नका. बेदाणा ०८०६ २०, हळद ०९१० ३०, त्यापुढचे आकडे स्वतः तपासा. दुबईसाठी मूळ देशाचा दाखला काढा. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि या दाखल्यावर तिथल्या आयातदाराला शुल्कात सवलत मिळू शकते. दर ठरवताना हा मुद्दा तुमच्या बाजूने वापरा. किरकोळ पाकिटांवर अरबी मजकूर लागतो, तो आयातदाराकडून लेखी मागवून घ्या.

बेदाणाशेड
दादा, ताई, मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं. फर्म माझ्या पॅनवर काढायची असं ठरतंय. एक शंका राहिली. कागदपत्रांना वेळ लागला आणि व्यापारी घाई करू लागला तर?

हळदपेठ
मग पहिला माल मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकत घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत पाठव. तुझा जीएसटी झालेला असला की त्याला ०.१ टक्का जीएसटी लावून बिल देता येतं. त्याने तुझ्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर काढायचा असतो आणि शिपिंग बिलावर तुझा जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक यायला हवा. त्याची प्रत मागून घे. नफा थोडा कमी पडेल, पण तुमचा माल तिथे चालतो का ते कळेल.

हळदीचा नमुना मात्र आधी तपासून घे. रंग, कीडनाशकांचे अंश, इथिलीन ऑक्साइड (मसाले निर्जंतुक करायला वापरतात तो वायू), सगळं. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर कारवाई केल्यापासून खरेदीदार अहवाल मागतातच. स्पाइसेस बोर्डाची प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे.

आणि ओळखीचा असला तरी पहिल्या खेपेला निम्मे पैसे आगाऊ, उरलेले बँकेमार्फत कागदपत्रांवर, म्हणजे पैसे भरल्यावरच बँक त्याला मालाचे कागद देईल. उधारी मागितली तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा काढ, ते खरेदीदाराची पतही तपासतात. मावसभावाला वाईट वाटलं तरी चालेल.