ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

वाचनवेडा
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाला सहा जुने कॉम्प्युटर मिळालेत, विंडोज १० आहे, नेट पण बरं चालतं. ज्येष्ठ नागरिक संघातल्या लोकांनी स्वतःहून विचारलं की आम्हाला शिकवाल का, म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वर्ग घ्यायचं ठरलंय. वयं ६० ते ७८, काही निवृत्त शिक्षक, एकदोघं एसटीतून रिटायर झालेले, आणि बऱ्याच जणी ज्यांनी आयुष्यभर घर आणि शेत सांभाळलंय. व्हॉट्सॅप बहुतेकांना येतं पण आलेलं पुढे ढकलण्यापुरतंच.

मित्र म्हणतो कोर्सच्या पुस्तकाप्रमाणे जा, आधी इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस, सीपीयू वगैरे. मला ते पटत नाही पण दुसरं काय तेही सुचत नाही. तिघांना सहज बसवून बघितलं तर डबल क्लिकलाच गाडी अडली, दोन क्लिकच्या मधे हात हलतो आणि आयकॉन भलतीकडेच सरकतो, नाहीतर त्याचं नाव बदलायची चौकट उघडते, की लगेच हात मागे, "बिघडलं का हो काही?" आणि मुळात कॉम्प्युटर शिकवावा की सरळ मोबाईलच? ज्यांनी असं शिकवलंय त्यांनी प्लीज सांगा.

खडूफळा
एमएस-सीआयटी २००१ मधे आलं तेव्हापासून बरीच वर्षं मी सेंटरवर शिकवत होते. तो कोर्स नोकरी लागणाऱ्या पोरांसाठी आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी चांगलाच आहे, पण ७० वर्षांच्या बाईंना सीपीयूची व्याख्या पाठ करायला लावून काय मिळणार? तुमचं बरोबर आहे, पुस्तक बाजूला ठेवा.

डबल क्लिकचा प्रश्न माणसाचा नाही, सेटिंगचा आहे. फाइल एक्स्प्लोररच्या ऑप्शन्समधे एका क्लिकवर उघडायची सोय असते, ती सगळ्या मशीनवर चालू करा, डबल क्लिक शिकवूच नका. माउसच्या सेटिंगमधे बाणाची स्पीड कमी करा, बाण मोठा करा. ब्राउझरमधे कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबलं की अक्षर मोठं होतं, हे पहिल्याच दिवशी दाखवा, निम्म्या लोकांची अडचण चष्म्याची असते पण ते सांगत नाहीत.

आणि पहिले दोनतीन वर्ग पेंट. खरंच. बायकांना ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगा, ठिपके मांडायचे, रेघ ओढायची, रंग भरायचा, यात क्लिक, ड्रॅग, मेनू सगळं येऊन जातं आणि कुणाला वाटत नाही की आपण माउसचा सराव करतोय. चुकलं की कंट्रोल झेड, शेवटचं केलेलं मागे जातं. हे एकदा हातात बसलं ना की ती बिघडायची भीती जाते, आणि माझ्या मते भीती गेली की अर्धं शिकवणं झालं.

एक गोष्ट कडक पाळा. शिकवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागू दे, तोंडानेच सांगायचं. घरी मुलं नातवंडं काय करतात, "द्या इकडे" म्हणून दोन सेकंदात करून देतात, आणि म्हणूनच घरी कुणी शिकत नाही.

निवृत्त_लिपिक
खडूफळाताईंशी १०० टक्के सहमत. मी ७१ वर्षांचा, साठीनंतर शिकलो म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारा की तुम्हाला नक्की काय करायचंय. मला आमच्या जमिनीचा सातबारा घरबसल्या बघायचा होता, बाकी कशात रस नव्हता. जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर, एवढं निवडून स्वतःच्या नावाचा उतारा स्क्रीनवर दिसला तेव्हा जो आनंद झाला तो मी विसरणार नाही, आणि पुढचं सगळं त्या ओढीने शिकलो. कुणाला भजनं ऐकायची असतील, कुणाला परदेशातल्या नातीला पत्र लिहायचं असेल.

टायपिंगबद्दल. विंडोज १० ला २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, पण त्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहावं लागतं, ज्यांचं इंग्रजीशी जमत नाही त्यांना ते दुप्पट ओझं होतं. त्यांच्यासाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मराठी मांडणी बघा, स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, कीबोर्डवर मराठी स्टिकर लावले की झालं. आणि छापील नोट्स वाटू नका. प्रत्येकाने आपल्या वहीत आपल्या शब्दात पायऱ्या लिहायच्या, मी अजून माझी वही उघडतो.

घाटमाथा
मी थोडं वेगळं मत मांडतो. रोजची गरज मोबाईलवरच आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ असते, २०२१ पासून जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेत मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, ८० च्या वरच्यांना तर ऑक्टोबरपासूनच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बँकेची फेरी वाचते ही केवढी मोठी गोष्ट आहे.

सरकारने २०१७ मधे ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं, २० तासांचं प्रशिक्षण होतं, चांगलं होतं, पण वयाची अट १४ ते ६०. म्हणजे तुमच्या वर्गातली जवळजवळ सगळी माणसं बाहेरच. त्यामुळे तुम्ही करताय ते फार गरजेचं आहे.

फसवणुकीवर एक वर्ग नाही, प्रत्येक वर्गात पाच मिनिटं ठेवा. पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही. ओटीपी कुणालाही नाही, मॅनेजर म्हणून बोलला तरी नाही. डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरूनच अटक, असला प्रकार कायद्यात नाहीच, व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला की फोन ठेवायचा. कुणी अ‍ॅप टाकून स्क्रीन दाखवा म्हणालं तरी ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हे नुसतं सांगून उपयोग नाही, वर्गात खोटा कॉल करून सराव घ्या, एकाने बँकवाला व्हायचं, दुसऱ्याने फोन ठेवायचा. आमच्याकडच्या काकूंना समोरच्याचं बोलणं तोडून फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटायचं, तेच सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि वाचनालयाच्या मशीनवर नेटबँकिंग अजिबात नको. ईमेल उघडला तर लॉगआउट केल्याशिवाय उठायचं नाही.

खडूफळा
घाटमाथा, फसवणुकीचं लिहिलंत ते अगदी खरं. पण कॉम्प्युटर सोडू नका असं मला वाटतं. मोठा पडदा, शेजारी बसलेल्याला पण दिसतो, बोट चुकून कुठे लागलं म्हणून पान उडत नाही. कॉम्प्युटरवर हात बसला की मोबाईलची भीतीही कमी होते असा माझा अनुभव आहे. शेवटची १५ मिनिटं मोबाईलला द्या हवं तर.

वाचनवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार! एका क्लिकची सेटिंग आजच सहाही मशीनला केली, स्टिकर मागवतोय. अजून एक अडचण, नाव नोंदवायला बायका जास्त आल्या पण त्या दिवशी मशीनसमोर सगळे पुरुषच बसले आणि बायका मागे उभ्या राहून बघत होत्या. बसा म्हटलं तर "त्यांचं होऊ द्या आधी".

खडूफळा
त्यांची बॅच वेगळी करा आणि वेळ दुपारची ठेवा, तीनच्या पुढे. संध्याकाळी त्यांना स्वयंपाक असतो, लक्ष घड्याळाकडे राहतं. एका मशीनवर दोघीच, आणि निम्मा वेळ झाला की जागा बदलायची. पहिल्या बॅचमधल्या एखादीला पुढच्या बॅचला मदतीला बोलवा, तुमच्यापेक्षा तिला जास्त प्रश्न विचारतील. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवायचं आधीच सांगून टाका म्हणजे कुणी गळणार नाही.