थ्री-नॉट-थ्रीसारखी दिसणारी आणि खरोखर चालणारी रायफल बांधायची आहे

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४४ साली इटलीच्या आघाडीवर काढलेला त्यांचा एक फोटो घरात आहे, हातात थ्री-नॉट-थ्री. तशी रायफल मला स्वतःच्या हातांनी बांधायची आहे. भिंतीवर टांगायला नको, खांद्याला लावून नेम धरता आला पाहिजे आणि काहीतरी चाललंही पाहिजे.

सुतारकाम मला चांगलं येतं, लोखंडाचं नाही. लेथ चालवणारा एक मित्र म्हणतो, नळी आणि बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मी करून देतो, पॉइंट टू टूची गोळी चालेल, कोणाला कळणार आहे? दुसरा म्हणतो, साध्या एअरगनवर तसं लाकूड चढव आणि मोकळा हो. माझ्याकडे एक ब्रेक बॅरल एअरगन पडून आहे. अनुभवी लोकांनी सांगावं, कोणती वाट धरू?

कोर्टकचेरी

लेथवाल्या मित्राला आजच थांबवा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. "अजून जोडलेली नाही, नुसती नळी आहे" हा बचावही चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भाग म्हणजेही शस्त्रच. नकली बंदुकीची खरी करायची झाली तर कलम ६ आडवं येतं.

शिवाय .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचं माप) आहे. म्हणून जुन्या बाजारात कोणी "मूळ बोल्ट आहे साहेब" म्हणून दाखवला तरी हात लावू नका.

एअरगनची वाट मोकळी आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बोअर .१७७ च्या वर नसेल आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल, तर परवाना लागत नाही. एअरगनचं बिल मात्र जपून ठेवा.

कोतवाला_आर्मरर

मी पोलिस मुख्यालयात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. नोकरीची बहुतेक वर्षं थ्री-नॉट-थ्रीच्या लाकडात गेली, कारण या रायफलीच्या लोखंडाला सहसा काही होत नाही. लाकूड सुकतं, आक्रसतं, तडकतं, आणि मग तक्रार येते की नेम सरकला. म्हणून सुतारकाम येणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला. थ्री-नॉट-थ्री ओळखू येते ती लाकडावरून. गोळी एअरगनला मारू द्या, तुम्ही लाकडात जीव ओता.

आधी फोटो भिंग घेऊन बघा. इटलीत दोन्ही जातींच्या रायफली होत्या. नळीचं टोक लोखंडी नोजकॅपच्या (लाकडाच्या पुढच्या टोकावरच्या टोपीच्या) बरोबरीनं संपत असेल आणि पुढचं तोंड डुकराच्या नाकासारखं चपटं दिसत असेल, तर ती नंबर १ मार्क ३ किंवा मार्क ३ स्टार. नळी लाकडाच्या पुढे बोटभर बाहेर आलेली असेल तर नंबर ४. दोघींचं लाकूड वेगळं, बॅकसाईटची (नेम धरायच्या मागच्या खुणेची) जागाही वेगळी. नंबर १ ची बॅकसाईट नळीवर पुढे असते, नंबर ४ ची मागे डोळ्याजवळ. हे ठरल्याशिवाय एक फळीही कापू नका.

आजोबांची नंबर १ असेल असं धरून पुढचं लिहितो. ईशापूरच्या कारखान्यात बनली ती हीच. स्वातंत्र्याआधीच्या रायफलीवर बट सॉकेटला (बट जिथे बसतो त्या लोखंडी खोबणीला) मुकुट आणि जी.आर.आय. अशी अक्षरं असायची, नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पूर्ण लांबी ११३२ मिलिमीटर, त्यात नळी ६४० मिलिमीटर, वजन ३.९ किलोच्या आसपास.

नकली रायफली बघताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. लोक एका अखंड फळीतून बटपासून टोकापर्यंत सगळं काढतात. थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड अखंड नसतं. खांद्याला लागणारा बट वेगळा, नळीखालचा फोरएन्ड वेगळा, आणि दोघांच्या मध्ये लोखंडी सॉकेट. बट त्या सॉकेटात मागून घुसतो आणि एका लांब बोल्टानं आवळला जातो. बटप्लेटचं झाकण उघडून लांब पेचकस आत घातल्याशिवाय तो बोल्ट दिसतही नाही. या बोल्टाचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएन्डच्या मागच्या पट्टीत अडकतं. म्हणून आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो: आधी फोरएन्ड उतरवा, मगच बटला हात लावा. उलट केलं की बोल्ट फिरतो आणि फोरएन्डचं मागचं लाकूड उभं चिरतो.

तुमच्या एअरगनला मजबुतीसाठी अखंड लाकूडच लागेल, ते ठीक आहे. पण बटच्या मनगटाच्या (मुठीत धरायच्या बारीक भागाच्या) पुढे, जिथे सॉकेट असतं, तिथे सगळ्या बाजूंनी उथळ खाच घ्या आणि पातळ पत्रा वाकवून असा बसवा की बोट फिरवल्यावर कड लागू नये. त्याच्या मागे बटचं लाकूड पत्र्यापेक्षा केसभर उंच ठेवा. मूळ रायफलीत ते तसंच असतं, आणि जाणकाराची नजर सगळ्यात आधी तिथे जाते.

दुसरं, मॅगझीन. ट्रिगर गार्डच्या पुढे ती दहा गोळ्यांची पेटी दिसलीच पाहिजे. पत्र्याची पोकळ पेटी करा आणि आत शिसं भरा. एअरगन हलकी पडते, आणि मूळ रायफलीचा तोल भरल्या मॅगझीनवर बरोबर मध्ये येतो. तो तोल हातात आला की आजोबांनी काय पेललं होतं ते तुम्हाला कळेल.

लाकूड अक्रोडाचंच घ्या, चांगलं सुकलेलं. सागवान तेलकट असतं, जवसाचं तेल मुरत नाही. शिसव जड पडतं.

रंधा_पटाशी

काका, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भिंगातून पाहिलं, तोंड चपटं आहे, नळी बाहेर आलेली नाही. म्हणजे नंबर १. कोर्टकचेरी साहेब, मित्राला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता माझ्या ब्रेक बॅरलवर हे सगळं चढवू का?

छर्रेबाज

ब्रेक बॅरलवर जमणार नाही. ती भरताना नळी मोडून खाली वाकवावी लागते, आणि तुम्हाला तर लाकूड नळीच्या टोकापर्यंत हवंय, नळीवरचं लाकडी झाकण, हॅन्डगार्डसुद्धा. लाकडात अडकलेली नळी मोडणार कशी? नळी जागची न हलणारी एअरगन घ्या.

दोन पर्याय. पहिला अंडरलिव्हर: नळीखालचा दांडा खाली ओढून स्प्रिंग ताणायची. फोरएन्डच्या पोटात दांड्यासाठी लांब खाच ठेवावी लागते. ती वरून किंवा बाजूनं दिसत नाही, रायफल उलटी केली तरच दिसते. दुसरा पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी: बोल्ट मागे असल्यामुळे हाताची हालचाल खऱ्या रायफलीच्या जवळ जाते, पण नळीखाली हवेचा सिलिंडर असतो आणि फोरएन्ड जाड होतो. आणि त्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या घरात दाब असतो, त्यामुळे त्याला भोक पाडणं, स्क्रू मारणं, कानस लावणं, काहीही करायचं नाही.

मी असतो तर अंडरलिव्हर घेतली असती. तुमच्या मनात आलेली गोष्ट शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे. ली-एनफिल्ड (थ्री-नॉट-थ्रीचं मूळ नाव) बनवणाऱ्या बी.एस.ए. कंपनीनं १९०७च्या सुमारास लष्करी धाटणीची एअर रायफल काढली होती, दिसायला थ्री-नॉट-थ्रीसारखी, आत अंडरलिव्हर. थोड्याच बनल्या, आज संग्राहक जपून ठेवतात. तिचे फोटो शोधून समोर ठेवा, दांडा लाकडाखाली कसा बसवलाय ते दिसेल.

स्प्रिंगवाल्या गनचा धक्का आधी मागे, मग पुढे असा दोन्हीकडे बसतो. स्टॉकचे स्क्रू त्यानं ढिले होतात, दर वेळी आवळून बघा. आणि छर्रा लहान असला तरी डोळा घेऊन जाईल इतका जोर त्यात असतो. मागे भक्कम आडोसा असल्याशिवाय नेम धरू नका.

कोतवाला_आर्मरर

छर्रेबाजांचं बरोबर आहे, अंडरलिव्हरच घ्या. फोरएन्ड कोरताना नळीला लाकूड मधे कुठेही चिकटू देऊ नका. खऱ्या रायफलीतही नळी मागे घट्ट बसते, पुढे नोजकॅपच्या मागे एक छोटी स्प्रिंग तिला खालून उचलून धरते, आणि मधली नळी मोकळी असते. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि टेकलेली नळी एका बाजूला ढकलली जाते. नळीला काजळी फासून लाकडात बसवा आणि काढा. जिथे काळं उमटेल तिथे पटाशीनं नव्हे, काचकागदानं घासा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं इथेच आहे.

नोजकॅप लाकडाचा नमुना करून ॲल्युमिनियममध्ये ओतून घ्या आणि काळी करा. फोरसाईटचे (नेमाच्या पुढच्या खुणेचे) दोन कान तिच्यावरच येतात. संगीनही मूळ रायफलीत नळीला न लागता नोजकॅपलाच लागते, पण तुम्ही संगिनीच्या नादी लागू नका.

तेल: कच्चं जवसाचं तेल किंचित कोमट करून, थोडं थोडं, तळहातानं चोळून. एक हात पूर्ण मुरल्याशिवाय दुसरा नाही. वॉर्निश लावू नका, त्या चकाकीनं सगळं नकली दिसतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

नेताना कायम बंद केसमध्ये. दहा पावलांवरून बंदोबस्तावरच्या शिपायाला ती खरीच दिसणार, आणि त्यानं तसंच समजून वागावं अशी आमची शिकवण आहे.

राहिला बट. मूळ बट शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग अशा मापांत यायचे, नॉर्मलपेक्षा अर्धा इंच आखूड किंवा लांब. आजोबांचं माप फोटोवरून काढत बसू नका, नेम तुम्हाला धरायचा आहे. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा आणि इथे लिहा. त्यावरून बटप्लेटचा पूर्ण मापाचा नमुना कागदावर काढून त्याचा फोटो टाकतो. तेलाची बाटली आणि पुल-थ्रू (नळी साफ करायची दोरी) ठेवायचं झाकणही त्यात दाखवीन.